‘ऑस्ट्रेलिया फेलिक्स’ : सोन्याच्या खाणीवरचे रोजचे जगणे आणि ‘पायोनियर’ या शब्दाचा हिशेब



या टिपणात आपण एका कादंबरीची समीक्षा करणार आहोत. हेन्री हँडेल रिचर्डसन यांची ‘ऑस्ट्रेलिया फेलिक्स’ १९१७ साली प्रसिद्ध झाली. पुढे ‘द वे होम’ (१९२५) आणि ‘अल्टिमा थुले’ (१९२९) हे दोन खंड आले आणि तिन्ही मिळून ‘द फॉर्च्यून्स ऑफ रिचर्ड महोनी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. नावावरून पुरुष वाटणारी ही लेखक खरे तर स्त्री होती. एथेल फ्लॉरेन्स लिंडसे रिचर्डसन असे तिचे नाव. जन्म १८७० साली मेलबर्नमध्ये, मृत्यू १९४६ साली इंग्लंडमध्ये. तिच्या मृत्यूला साठ वर्षे होऊन गेल्यामुळे भारतात ही कादंबरी प्रताधिकारमुक्त आहे. तेव्हा टिपण वाचून थांबू नका, मूळ पुस्तक उघडा.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. मृदा यांत्रिकीच्या तासाला, मातीचा बाजूने येणारा दाब शिकवताना, मी या कादंबरीचा पहिला प्रसंग सांगतो. सांगून झाले की दरवर्षी कुणीतरी एकच प्रश्न विचारतो : “सर, त्याने फळ्या का लावल्या नाहीत?” हा प्रश्न मला समीक्षेचाही प्रश्न वाटतो. कादंबरीला तो विचारून पाहिला, तर ती काय दाखवते आणि काय दाखवत नाही, दोन्ही कळते.

१. पहिला प्रसंग

कादंबरीच्या सुरुवातीला एक प्रास्ताविक प्रकरण आहे. स्थळ बॅलरट, ग्रॅव्हल पिट्स नावाचा भाग. खोल, पाणी झिरपणाऱ्या खाणीत एक तरुण आडव्या बोगद्यात काम करतो आहे. बोगद्याला उभे टेकू आहेत, पण बाजूच्या भिंतींना फळ्या लावलेल्या नाहीत. भिंती आत ढकलल्या जातात, टेकू निसटतात आणि छत खाली येते. माणूस जिवंत गाडला जातो.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर वर्णन अचूक आहे. उभा टेकू छताचा भार पेलतो. बाजूने येणारा दाब पेलणे हे त्याचे कामच नाही. त्यात माती पाण्याने भरलेली. पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांमधला परिणामी ताण घटतो आणि तिची कातरबल सोसण्याची ताकद कमी होते. फळ्या असत्या तर भिंत तरली असती. लेखिकेने हे सूत्रांत मांडलेले नाही, पण कोणता भाग आधी गेला आणि कोणता नंतर, हा क्रम तिने बरोबर लिहिला आहे.

वर खाणीच्या तोंडाशी त्याचा जोडीदार, लाँग जिम, उपसलेल्या मातीच्या ढिगावर बसून रडतो आहे. हा पूर्वी लंडनच्या रस्त्यांवर दिवे लावायचे काम करायचा. तो मित्रासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त रडतो. सोने मिळेल म्हणून तो इतक्या दूर आला होता, आणि आता त्याला फक्त घरी जायचे आहे. इथे धीरोदात्त काही नाही. सोन्याच्या शोधावरची कादंबरी सोने सापडल्याच्या आरोळीने सुरू करण्याची सोय लेखिकेला होती. ती तिने घेतली नाही. मातीखाली गेलेला एक माणूस आणि वर रडणारा दुसरा, इथून तिने सुरुवात केली.

फळ्या न लावण्याला निवेदक बेफिकिरी म्हणतो. मुद्दा इथेच आहे. निवेदकाचा हा निवाडा आपण मान्य करायचा का? माझे म्हणणे असे, की पुढची प्रकरणेच या निवाड्याविरुद्ध पुरावा देतात.

२. पार्श्वभूमी : घाई कुठून आली?

१८५१ च्या फेब्रुवारीत एडवर्ड हारग्रेव्ह्ज यांनी न्यू साऊथ वेल्समध्ये बाथर्स्टजवळ सोने शोधले. त्याच वर्षी १ जुलैला व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली आणि काही आठवड्यांतच बॅलरटला सोने मिळाल्याचे जाहीर झाले. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ७७ हजार होती, ती १८६१ मध्ये सुमारे ५ लाख ४० हजार झाली. दहा वर्षांत सातपट.

सरकारने प्रत्येक खोदणाऱ्याला परवाना बंधनकारक केला : महिन्याला ३० शिलिंग, म्हणजे वर्षाला १८ पौंड. सोने मिळो वा न मिळो, पैसे आधी भरायचे. सुरुवातीला हे कसेबसे चालले, कारण सोने वरच्या थरात होते. ओढ्याकाठची वाळू पाळण्यासारख्या हलणाऱ्या लाकडी पेटीत धुवायची, जड सोने तळाशी राहायचे. एक माणूस, एक फावडे, एक घमेले एवढ्यावर काम भागे.

बॅलरटला लवकरच हे चित्र बदलले. तिथले सोने प्राचीन नद्यांच्या पात्रांत होते आणि ती पात्रे नंतरच्या मातीच्या आणि लाव्हाच्या थरांखाली गाडली गेली होती. १८५४ पर्यंत तिथे शंभर फुटांहून खोल खड्डे खणले जात होते. चिकणमाती, पाझरणारी वाळू, सतत उपसावे लागणारे पाणी. रहाटाने बादली वर ओढायची, झाडे तोडून फळ्या पाडायच्या, खड्ड्याच्या भिंतींना त्या बसवत खाली जायचे. हे एकट्याचे काम नव्हते. काही जणांनी भागीदारी करून महिनोन् महिने खणायचे, आणि तळ गाठल्यावर कळायचे की नदीचे जुने पात्र चार हात बाजूला राहिले. असा कोरडा खड्डा पदरी आला की सगळी मेहनत मातीमोल.

आता परवान्याचा हिशेब मांडा. चार भागीदारांना तळ गाठायला सहा महिने लागले, तर सुरुवातीच्या मासिक दराने सोन्याचा कण दिसण्याआधी चौघांचे मिळून ३६ पौंड सरकारजमा झालेले असतात. शिवाय जेवण, मेणबत्त्या, दोर आणि अवजारे दुकानातून उधारीवर. हा कर उत्पन्नावर नाही, काळावर आहे. दर महिन्याला घड्याळ चालू आहे. अशा वेळी फळ्या पाडायला आणि बसवायला लागणारा प्रत्येक दिवस माणसाला महाग वाटतो.

“त्याने फळ्या का लावल्या नाहीत?” या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते. त्या तरुणाची चूक होतीच, पण ती चूक करायला भाग पाडणारी एक व्यवस्थाही होती. कादंबरी हे सूत्र ठळकपणे मांडत नाही. मात्र गाडलेल्या माणसाच्या प्रकरणानंतर ती लगेच परवान्याच्या धरपकडीकडे वळते. पोलीस खड्ड्याखड्ड्यांतून माणसे हुडकत फिरतात, खोदणारे एकमेकांना ओरडून सावध करतात, कामे थांबतात. दोन प्रसंग शेजारी ठेवले आहेत. त्यांना जोडणारी रेघ वाचकाने ओढायची आहे.

३. युरेका : लढाई आणि तिचा आवाज

१८५४ च्या डिसेंबरमधला युरेका उठाव ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात मानाचे पान आहे. गव्हर्नर हॉथम यांनी परवान्यांची तपासणी वाढवली. एका खोदणाऱ्याच्या खुनाच्या प्रकरणात हॉटेलमालक निर्दोष सुटल्याने लोक खवळले आणि त्यांनी ते हॉटेल जाळले. नोव्हेंबरअखेर परवान्यांची होळी झाली आणि पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखाली सदर्न क्रॉसच्या झेंड्याखाली शपथ घेतली गेली. ३ डिसेंबरच्या रविवारी पहाटे सैन्याने लाकडी तटबंदीवर हल्ला केला. अर्ध्या तासाच्या आत सगळे संपले. किमान २२ खोदणारे आणि काही सैनिक मेले. राजद्रोहाच्या खटल्यातले तेराही आरोपी १८५५ मध्ये निर्दोष सुटले. परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला आणि सरकारचे उत्पन्न मुख्यतः सोन्याच्या निर्यातीवरील करातून येऊ लागले. म्हणजे कर मेहनतीवरून उत्पादनाकडे सरकला. मला या उठावाचे सर्वांत ठोस यश हेच वाटते.

रफाएलो कार्बोनी हा त्या तेरा आरोपींपैकी एक इटालियन. त्याने १८५५ मध्येच उठावाचे पुस्तक लिहून छापले. त्यात पहिल्या पुरुषी आवेश आहे, राग आहे, थट्टा आहे. रिचर्डसनचा मार्ग उलटा आहे. तिचा नायक डॉ. रिचर्ड महोनी हा एडिनबर्गला वैद्यक शिकलेला आयरिश माणूस बॅलरटला दुकान चालवतो. खोदणाऱ्यांची बाजू त्याला कळते, पण बंदुका त्याला पटत नाहीत. त्याचा मित्र पर्डी उठावात सामील होऊन जखमी होतो आणि महोनी लपूनछपून त्याच्यावर उपचार करतो. लढाई आपल्याला आतून दिसत नाही. आपल्यापर्यंत पोचतात त्या तिच्या जखमा.

काही वाचकांना हा लेखिकेचा भित्रेपणा वाटतो. मला ती निवड योग्य वाटते. स्मारके लढाईची बांधली जातात. पण लढाई अर्ध्या तासाची होती, आणि जे जगणे त्या लढाईपर्यंत घेऊन गेले ते तीन वर्षांचे. कादंबरीने पाने कशाला द्यायची, याचे उत्तर रिचर्डसनने दिले आहे.

४. दुकान, घर आणि पॉली

‘रोजचे जगणे’ म्हणजे नेमके काय, हे कादंबरीत सर्वांत चांगले दिसते ते खाणीत नव्हे, तर महोनीच्या दुकानात आणि घरात. कापडी तंबू, माश्या, चिखल, मटण, चहा आणि राखेत भाजलेली जाड भाकरी, दूषित पाण्याने होणारी हगवण, चोरून विकली जाणारी दारू : ही सोन्याच्या वस्तीची खरी चौकट. या वस्तीत सर्वांत सुरक्षित धंदा खोदण्याचा नसून खोदणाऱ्यांना सामान विकण्याचा होता, हे अर्थशास्त्रही इथे कळते. मात्र महोनीचे मन व्यापारात रमत नाही. पुढे तो पुन्हा डॉक्टरी करतो, खाणीच्या शेअरमधून श्रीमंत होतो आणि तिसऱ्या खंडापर्यंत सगळे गमावतो.

त्याची बायको पॉली, पुढची मेरी, लग्नाच्या वेळी जेमतेम सोळा वर्षांची आहे. दुकानामागच्या ओबडधोबड घरात ती येते, पहिले मूल मृत जन्मते, आणि तरीही माणसे जोडणारी, दुखणीबाणी आणि पाहुणे सांभाळणारी, नवऱ्याला डॉक्टरीकडे परत वळवणारी तीच आहे. समीक्षक बहुधा ही त्रिखंडी कादंबरी एका अस्वस्थ, कुठेच न रुजणाऱ्या माणसाची शोकांतिका म्हणून वाचतात. ते वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शेवटच्या खंडात महोनीचे मन ढासळते तेव्हा मेरी पोस्टाचे काम शिकते, पोस्टमिस्ट्रेस होते, मुलांना वाढवते आणि वेड्यांच्या रुग्णालयातून नवऱ्याला घरी आणते. या तीन खंडांत सोने येते आणि जाते. टिकते ते मेरीचे काम.

याला चरित्राचा आधार आहे. लेखिकेचे वडील वॉल्टर रिचर्डसन डॉक्टर होते आणि बॅलरटला त्यांनी दुकानही चालवले होते. १८७९ मध्ये ते गेले तेव्हा लेखिका नऊ वर्षांची होती. आईने पोस्टमिस्ट्रेसची नोकरी करून दोन मुली वाढवल्या. १८८८ मध्ये संगीत शिकायला लेखिका लाइपझिगला गेली आणि त्यानंतर कायमची युरोपातच राहिली. फक्त एकदा, १९१२ मध्ये, याच कादंबरीसाठी ती ऑस्ट्रेलियाला आली. आईवडिलांच्या जगण्याचा हिशेब तिने दूर राहून, कागदपत्रे तपासत मांडला. म्हणूनच त्यात गहिवर कमी आणि तपशील जास्त आहे.

५. जे दिसत नाही

आता त्रुटी. कादंबरीची नजर दुकानदाराच्या आणि डॉक्टरच्या घरातून बाहेर पाहणारी आहे. त्यामुळे तीन प्रकारची माणसे तिच्या कडेला राहतात.

पहिले, चिनी खोदणारे. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर लावला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी माणसे शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून चारशेहून अधिक किलोमीटर चालत खाणींवर आली. इतरांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन त्यांनी सोने काढले. १८५७ मध्ये बकलँड नदीकाठी त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांना हाकलून लावले गेले. परवान्याच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या समाजाला या कराचा जुलूम फारसा टोचला नाही. कादंबरीत चिनी येतात, पण त्यांच्या घरात आपण कधी जात नाही.

दुसरे, वदावुरंग लोक. बॅलरट ही त्यांची भूमी. खाणींच्या सुरुवातीच्या दिवसांत आदिवासी पोलीस दलातील जवान परवाने तपासायला तैनात होते. पोसमच्या कातड्याच्या उबदार गोधड्या खोदणाऱ्यांना विकणारे, वाटा दाखवणारे लोकही तेच होते. फ्रेड केहिर यांच्या ‘ब्लॅक गोल्ड’ (२०१२) या इतिहासग्रंथात हे तपशिलाने आले आहे. कादंबरीत ते जवळजवळ नाहीतच.

“लेखिका तिच्या काळाची होती” असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. तिच्या जन्माआधी एस. टी. गिल या चित्रकाराने खाणवस्त्या रेखाटल्या होत्या, आणि त्याच्या चित्रांत चिनी माणसेही आहेत, आदिवासीही. पाहणाऱ्याला ते तेव्हाही दिसत होते. प्रास्ताविकाच्या शेवटी लेखिका भूमीलाच एक सूड घेणारी शक्ती बनवते : सोने लुटायला आलेल्यांना ही भूमी कैद करते, अशी ती कल्पना. कल्पना प्रभावी आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. भूमीला बोलते केले की त्या भूमीच्या माणसांना बोलू द्यायची गरज उरत नाही. कादंबरीतला हा मला सर्वांत गंभीर दोष वाटतो.

तिसरे, मजुरीवर राबणारा खाणकामगार. १८६० नंतर खोल खाणी कंपन्यांच्या हातात गेल्या आणि स्वतंत्र खोदणारा रोजंदारीवर आला. पुढे बेंडिगोच्या गारगोटीच्या खाणींत दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले कामगार याच बदलाचे वारस. महोनीला हा बदल शेअरच्या भावातून कळतो, धुळीतून नाही.

उठावातल्या स्त्रियांबद्दलही कादंबरीनंतर नवे वाचन झाले आहे. क्लेअर राइट यांच्या ‘द फरगॉटन रेबेल्स ऑफ युरेका’ (२०१३) या ग्रंथाने खाणवस्तीतल्या स्त्रिया कागदपत्रांतून पुढे आणल्या. एका समकालीन रोजनिशीत तर नवऱ्यासाठी गयावया करणारी स्त्री सैनिकांकडून मारली गेल्याची नोंद आहे. रिचर्डसनने पॉलीला घरात पाहिले. राइट यांनी तशा स्त्रियांना तटबंदीपाशीही पाहिले. दोन्ही पुस्तके एकमेकांना पुरी करतात.

६. ‘पायोनियर’ कोण?

मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात फ्रेडरिक मॅकबिन यांचे ‘द पायोनियर’ (१९०४) हे तीन भागांचे चित्र आहे. पहिल्या भागात रानात आलेले जोडपे, दुसऱ्यात घर आणि मूल, तिसऱ्यात एक कबर आणि दूर उभे राहिलेले शहर. कष्ट, त्याग, फळ अशी सरळ चढण. अनेक वसाहतींनी स्वतःची गोष्ट याच चढणीने सांगितली आहे.

रिचर्डसनच्या पुस्तकातही कबर आहे, पण ती पहिल्या पानावर आहे आणि तिच्यातून शहर उगवत नाही. ‘ऑस्ट्रेलिया फेलिक्स’ म्हणजे ‘भाग्यवान ऑस्ट्रेलिया’. थॉमस मिचेल या सर्वेक्षकाने १८३६ मध्ये व्हिक्टोरियाच्या हिरव्या पश्चिम प्रदेशाला दिलेले हे नाव. भाग्याचे नाव असलेल्या पुस्तकाची सुरुवात जिवंत गाडल्या गेलेल्या माणसाने होते, हा उपरोध जाणूनबुजून केलेला आहे. ‘पायोनियर’ हा शब्द मागे वळून पाहताना दिलेली पदवी असते. त्या दिवशी त्या खड्ड्यात कुणी पायोनियर नव्हता. कर्ज झालेला, ओल्या मातीत काम करणारा एक तरुण होता.

भारतीय विद्यार्थ्याने इथे कोलार आठवावे. १८८० च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तिथे मोठे खाणकाम उभे राहिले आणि २००१ मध्ये ते बंद झाले. या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. तिथे स्वतंत्र खोदणारा जवळजवळ नव्हताच. कामगार पहिल्यापासून कंपनीचा मजूर होता. म्हणूनच कोलारच्या कामगाराला कुणी पायोनियर म्हटले नाही. सोने तेच, माती तीच, जीव जाण्याचे कारणही अनेकदा तेच. पदवी मिळणे न मिळणे हे जमिनीवरचा हक्क कुणाच्या नावावर होता यावर ठरले.

७. समारोप

‘ऑस्ट्रेलिया फेलिक्स’ मोठी कादंबरी आहे, कारण तिने सोन्याच्या इतिहासातून नशिबाची गोष्ट बाजूला काढून देखभालीची गोष्ट लिहिली : भिंत सावरणे, दुकान सावरणे, घर सावरणे. ती अपुरी आहे, कारण सावरणाऱ्या सगळ्या हातांची नोंद तिने घेतली नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि समीक्षा करताना दोन्ही म्हणता आली पाहिजेत.

तुमच्यातले अनेक जण उद्या बांधकामावर उभे असतील. खोदाई चालू असेल, मुदत जवळ आलेली असेल, आणि कुणीतरी म्हणेल की आधार लावण्यात दोन दिवस जातील. तेव्हा दुर्घटनेच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिणे सोपे असते. या कादंबरीच्या निवेदकानेही तसेच लिहिले. पण कादंबरीने पुढे चारशे पाने खर्च करून दाखवले की त्या दोन दिवसांची किंमत कुणी ठरवली होती.

विचारासाठी प्रश्न

१. पहिल्या प्रकरणातला अपघात लाँग जिमच्या तोंडून सांगितला असता, तर दोषाची वाटणी कशी बदलली असती?

२. महिन्याचा परवाना आणि निर्यातीवरील कर, या दोन पद्धतींत जोखीम कोणाच्या अंगावर पडते? खोल आणि उथळ खाणींसाठी वेगवेगळा हिशेब मांडा.

३. तुमच्या परिसरातले धरण, खाण किंवा कारखाना ‘उभारणाऱ्यांची’ नावे कुठे कोरलेली आहेत? त्या यादीत कोण नाही, ते शोधून एक पान लिहा.